पाणी पिणाऱ्याला अहवाल दाखवा

आमच्या प्रयोगशाळेत एखाद्या नमुन्यावर ‘पिण्यास अयोग्य’ असा शेरा पडतो, तेव्हा ते पाणी पिऊन लोकांना दोन दिवस झालेले असतात. जिवाणू वाढून दिसायला तेवढा वेळ लागतो, त्यात कुणाचा दोष नाही. दोष आहे तो अहवालाच्या पुढच्या प्रवासात. तो आरोग्य अधिकाऱ्यांकडे जातो, तिथून पाणीपुरवठा खात्याकडे, मग प्रभागाच्या अभियंत्याकडे, आणि शेवटी फायलीला लागतो. ज्याच्या नळाचं पाणी तपासलं, त्याच्या हाती मात्र तो कुठल्याच टप्प्यावर पडत नाही.

मी महाराष्ट्रातल्या एका महापालिकेच्या आरोग्य खात्यात पाणी तपासण्याचं काम करते. या कामाचा मला अभिमान आहे आणि ते ज्या रीतीने वापरलं जातं त्याची चीड आहे. आपल्या शहरांत पाण्याची तपासणी पिणाऱ्याला वाचवण्यासाठी होत नाही, खात्याला वाचवण्यासाठी होते. साथ आली, सभागृहात प्रश्न आला, वर्तमानपत्रात गढूळ बाटलीचा फोटो आला, की पुढे करायला कागद लागतो. तो कागद तयार ठेवणं हे माझं काम आहे, असं माझ्या वरच्यांना मनापासून वाटतं. मला ते मान्य नाही.

नमुना कसा घेतात ते आधी सांगते, कारण फसवणूक तिथूनच सुरू होते आणि ती पूर्णपणे नियमाला धरून असते. निर्जंतुक बाटली, तिच्यात क्लोरीनचा परिणाम थांबवायला सोडियम थायोसल्फेट, बरोबर बर्फाची पेटी. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचा, त्याचं तोंड ज्योतीने तापवून घ्यायचं, मग बाटली भरायची. नियम शास्त्रशुद्ध आहे. तोटीवरची घाण मोजली जाऊ नये, नळीतलं पाणी मोजलं जावं, हा त्याचा हेतू. पण ज्या शहरांत नळीत चोवीस तास दाबाखाली पाणी असतं, तिथे तो शोभतो. आपल्याकडे पाणी दिवसातून एकदा येतं, कुठे दिवसाआड, कुठे त्याहून उशिरा. बाकीचा वेळ नळीत दाबच नसतो. जिथे तडा गेला आहे, सांधा सैल झाला आहे, तिथून आजूबाजूचं पाणी आत ओढलं जातं. आणि आजूबाजूला असतं गटार. वस्तीतल्या कितीतरी नळजोडण्या गटाराच्या आतून, चेंबरच्या पोटातून गेलेल्या आहेत, कारण नळ टाकायला दुसरी जागाच ठेवलेली नव्हती. त्यात जो तो मोटार लावून पाणी खेचतो, म्हणजे पाणी चालू असतानाही नळीत ओढ निर्माण होते.

हुबळी-धारवाडमध्ये एमिली कुम्पेल आणि कारा नेल्सन या संशोधकांनी हेच मोजून दाखवलं. त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शहर एक, शुद्धीकरण तेच. काही प्रभागांत चोवीस तास पाणी, बाकी शहरात काही दिवसांनी काही तास. चोवीस तासांच्या नळांवर शंभरांत जेमतेम एखाद्या नमुन्यात ई. कोलाय, म्हणजे मैल्याची खूण असलेला जिवाणू, सापडला. मोजक्या तासांच्या नळांवर तो जवळपास एक तृतीयांश नमुन्यांत होता. पाणी सुटल्यावर जे पहिलं पाणी येतं ते जास्त दूषित असतं, हेही या संशोधनातून पुढे आलं.

आता सार्वजनिक नळावर रांगेत उभ्या असलेल्या बाईचा विचार करा. पाणी पाऊण तास येणार, मागे दहा हंडे. ती पहिलं पाणी सोडून देईल? तिचा हंडा पहिल्या थेंबापासून नळाखाली असतो. मी मात्र नियमाप्रमाणे तीन मिनिटं नळ सोडते, आणि तिच्या घरात गेलेलं पाणी माझ्या बाटलीत येतच नाही. नमुना ‘योग्य’ ठरतो. अशा वस्त्यांत दोन नमुने घ्यावेत, एक पाणी सुटताक्षणी आणि एक नंतर, असं मी लेखी मागितलं. उत्तर तोंडी मिळालं : मॅन्युअलमध्ये नाही, आणि उगाच टक्केवारी बिघडेल.

टक्केवारी! आमच्या खात्याचं खरं दैवत हेच आहे. समजा वर्षाचे ९८ टक्के नमुने योग्य आले. छान आकडा, बैठकीत टाळ्या. पण उरलेले दोन टक्के शहरभर सारखे विखुरलेले नसतात. दरवर्षी त्याच गल्ल्या, तोच नाल्याकाठचा उतार, तीच जुनी बिडाची नळी, तेच शेवटचं टोक जिथे दाब पोचत नाही. त्या गल्लीपुरतं पाहिलं तर पाणी दोन टक्के वाईट नसतं, कित्येक महिने ते सर्रास वाईट असतं. मग योग्य नमुन्यांचा पाऊस पाडून ती गल्ली बुडवायची : जलकुंभाखालचा नळ, प्रभाग कार्यालयाचा नळ, मोठ्या सोसायटीचा नळ. जिथे पाणी चांगलं असणारच तिथे जितकं तपासाल तितकं शहर शुद्ध होत जातं.

सरकारलाही या खेळाचा मोह सुटत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री रामविलास पासवान यांनी २१ शहरांच्या नळाच्या पाण्याची क्रमवारी जाहीर केली. मुंबईचे दहाच्या दहा नमुने उत्तीर्ण, पहिला क्रमांक. दिल्लीचे अकराच्या अकरा नापास, शेवटचा क्रमांक. मुंबईत आनंद, दिल्लीत राजकीय भांडण. एक कोटीहून जास्त माणसांचं शहर दहा नळांवर पास झालं, आणि हा प्रकारच चुकीचा आहे असं म्हणणारे आवाज त्या गोंगाटात ऐकू आले नाहीत. मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या पर्यावरण अहवालात प्रभागवार दूषित नमुन्यांची टक्केवारी छापली जाते. ती छापतात हे चांगलंच आहे, पण वर्ष सरल्यावर. गेल्या वर्षी तुमच्या प्रभागात पाणी दूषित होतं हे आज कळून आजारी पडलेल्या मुलाला काय उपयोग?

दुसरी गोष्ट फेरनमुन्याची. नमुना फेल गेला की दुरुस्ती करायची, आणि दुरुस्ती झाली का हे पाहायला फेरनमुना घ्यायचा, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात फोन येतो, “मॅडम, तुमची बाटलीच खराब असणार, परत घ्या.” मधल्या वेळात व्हॉल्व्हमनला निरोप जातो, टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, जास्त पडते, आणि फेरनमुना टाकीच्या जवळच्या नळावरून येतो. तो योग्य निघतो. रकान्यात ‘कार्यवाही पूर्ण’. जमीन कुणी उकरलेली नसते. फुटलेली नळी तशीच गटारात पडून असते आणि पुढच्या पावसाळ्यात तोच पत्ता पुन्हा माझ्या टेबलावर येतो.

नमुन्यांशी असा खेळ कुठवर जातो याचा दाखला अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने दिला आहे. २०१४ मध्ये तिथे पैसे वाचवण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलला, गंज रोखणारं रसायन घातलं नाही, आणि जुन्या नळ्यांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. २०१५ च्या पहिल्या सहामाहीत ७१ नमुने घेतले होते. त्यातले शिशाचं प्रमाण जास्त असलेले दोन वगळले. ६९ उरले, आणि कायदा ज्या आकड्यावर बोट ठेवतो तो आकडा १५ पीपीबीच्या मर्यादेच्या वरून ११ वर आला. दोन बाटल्या बाजूला सारल्या आणि कागदावर शहर सुरक्षित झालं. मुलांच्या रक्तात शिसं चढत राहिलं. हे उघड झालं ते रहिवाशांच्या हट्टामुळे, बाहेरच्या संशोधकांनी स्वतः घेतलेल्या नमुन्यांमुळे आणि माहितीच्या कायद्याखाली मागवलेल्या कागदांमुळे. शहराच्या प्रयोगशाळेची जबाबदारी असलेल्या माणसावरही खटला झाला. स्रोत बदलण्याआधी त्यानेच लेखी कळवलं होतं की आमची तयारी झालेली नाही. माझ्या पेशातल्या प्रत्येकाने ही गोष्ट पाठ करावी. वरचे हुकूम देतात, सही आपली असते.

आणि दोन दिवस थांबावंच लागतं असंही नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये, आणि नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. यातली पहिली तपासणी वेळ घेते. दुसरी मिनिटभरात होते. एका नळीत पाणी, त्यात गोळी, गुलाबी रंग आला तर क्लोरीन आहे. पूर्वी ऑर्थोटोलिडिनने पिवळा रंग यायचा, म्हणून तिला अजून सगळे ‘ओटी’ म्हणतात. मैलापाणी नळीत शिरलं की त्यातला अमोनिया आणि सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकते. काल ज्या गल्लीत रंग येत होता तिथे आज ओटी निल आली, तर धोक्याची घंटा तिथेच वाजली. ज्या सकाळी नळ दूषित झाला त्याच सकाळी पाणी उकळून प्या असा निरोप घरोघर पोचवता येतो. पण ओटी निलचा निरोप जातो व्हॉल्व्हमनला, आणि त्याचा अर्थ एकच घेतला जातो : पावडर वाढवा. क्लोरीन का संपला हा प्रश्न विचारला की जमीन खणावी लागते, म्हणून तो विचारत नाहीत.

क्लोरीन वाढवला की काम झालं, ही समजूत किती घातक आहे हे दिल्लीने १९५५ मध्येच दाखवलं होतं. यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचं मैलापाणी वझिराबादला जिथून शहराचं पाणी उचलत तिथवर पोचलं. केंद्रावरच्या लोकांनी ते ओळखलं, तुरटी आणि क्लोरीनची मात्रा वाढवली. विषमज्वराची, हगवणीची साथ आली नाही. मग काही आठवड्यांनी काविळीचा लोंढा आला, सुमारे २९,३०० रुग्ण. जिवाणू मेले होते, विषाणू तरले होते. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे कळलं की ती ‘अ’ किंवा ‘ब’ कावीळ नव्हती. आज तिला हेपॅटायटिस ई म्हणतात. गरोदर बायकांच्या जिवावर उठणारी हीच ती कावीळ. आपण काय शिकलो? २०१२ मध्ये इचलकरंजीत हीच कावीळ पसरली. एका बाजूला पंचगंगेची अवस्था, दुसऱ्या बाजूला गळक्या नळ्या, आणि हजारो आजारी. माझ्या जिवाणूंच्या अहवालात विषाणू दिसत नाही. म्हणून ‘योग्य’ हा शेरा मी ज्या मर्यादेत देते ती मर्यादा लोकांना माहीत असली पाहिजे, आणि ‘अयोग्य’ आला तर तो प्रत्येक वेळी गंभीर मानला गेला पाहिजे. एकदा मैला आत शिरला की त्याच्याबरोबर काय काय शिरलं हे कुठलीही प्रयोगशाळा संध्याकाळपर्यंत सांगू शकत नाही.

पुण्यात २०२५ च्या जानेवारीत जे घडलं ते अजून ताजं आहे. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गुलियन बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. काही दिवसांत हातापायातली ताकद जाते, काहींना श्वासासाठी यंत्र लावावं लागतं. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला, माणसं दगावली. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले. यातली काही गावं २०२१ मध्ये, काही त्याआधी महापालिकेत आली. हद्द वाढली, शुद्धीकरण केंद्र वाढलं नाही. नांदेड गावातल्या विहिरीत खडकवासला धरणाचं पाणी यायचं, गाळण न होता क्लोरीन टाकून ते पुढे जायचं. शुद्धीकरण केंद्रातून न गेलेलं पाणी शहराच्या नळातून द्यायचं हा निर्णय कुणाचा होता, आणि त्या भागातले साथीआधीचे नमुने काय सांगत होते, हे रहिवाशांना आजार यायच्या आधी माहीत असायला हवं होतं. साथीनंतर खासगी आरओ प्रकल्पांना टाळं लागलं, विहिरींवर पहारे बसले, घरोघर तपासणी झाली. हे सगळं करणारी यंत्रणा साथीच्या आधीही तीच होती. माणसंही तीच होती.

या सगळ्याच्या मुळाशी एक निलाजरी सोय आहे. वीस रुपयांच्या बाटलीतल्या पाण्याला अन्नसुरक्षेचा कायदा लागू आहे. परवाना लागतो, प्रमाण चुकलं तर कारवाई होते. महापालिकेच्या नळातल्या पाण्याला तो लागू नाही. आयएस १०५०० हे मानक आहे, पण नळाचं पाणी त्यात बसलंच पाहिजे अशी कायदेशीर सक्ती महापालिकेवर नाही. ज्याला बाटली परवडते त्याच्या पाण्याला कायदा, आणि ज्याला फक्त नळ आहे त्याच्या पाण्याला सदिच्छा. पाण्याची पट्टी थकली तर जोडणी तोडतात, दंड लावतात. पाण्यात मैला आला तर दंड कुणालाच नाही.

अहवाल जाहीर करा म्हटलं की एकच शब्द तोंडावर फेकला जातो : घबराट. मॅडम, लोकांत घबराट पसरेल. मी साथीत वस्त्यांमधून फिरले आहे. घबराट पसरते ती माहिती दडपल्यामुळे. शेजारचं पोर सलाइनवर असतं, महापालिका म्हणते पाणी शुद्ध आहे, तेव्हा माणूस कशावरच विश्वास ठेवत नाही आणि व्हॉट्सॲपवर येईल ते खरं मानतो. ज्याला स्वच्छ सांगितलं की ‘तुमच्या गल्लीतल्या नळात काल दोष सापडला, तीन दिवस पाणी उकळा, टँकर सकाळी सातला येईल’, तो माणूस पाणी उकळतो. अमेरिकेत नळाच्या पाण्यात ई. कोलायचा दोष सिद्ध झाला की चोवीस तासांत रहिवाशांना कळवणं पुरवठादारावर बंधनकारक आहे. तिथल्या शहरांत त्यामुळे दंगली झाल्या नाहीत. आपल्याकडे नळधारकांचे मोबाइल क्रमांक पाणीपट्टीच्या वसुलीसाठी महापालिकेकडे असतात. थकबाकीचा मेसेज जातो त्याच क्रमांकावर दूषित नमुन्याचा मेसेज जाऊ शकतो.

पैसा नाही हेही ऐकून घेणार नाही. कराडजवळच्या मलकापूरने, एका नगरपंचायतीने, चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. ओडिशातल्या पुरीने २०२१ मध्ये नळाचं पाणी थेट प्यावं असं जाहीर केलं आणि ‘जलसाथी’ म्हणून बचतगटाच्या बायका दारोदार पाणी तपासायला नेमल्या. बाईच्या डोळ्यांदेखत, तिच्याच ओट्यावर तिच्या पाण्याची तपासणी होते. आमच्याकडे प्रयोगशाळेत मंजूर पदं रिकामी, कंत्राटी मुलं-मुली किरकोळ पगारावर, त्यांचं नेमणूकपत्र काही महिन्यांचं. ते पत्र पुन्हा मिळण्यासाठी ज्यांची शिफारस लागते, त्यांच्याच पाण्यावर त्या मुलीने ‘अयोग्य’ लिहायचं. ती लिहिते, हे मी पाहिलं आहे, आणि तिच्या पाठीशी त्या वेळी खात्यातलं कुणी उभं राहत नाही, हेही पाहिलं आहे. शुद्धीकरण केंद्रावरची प्रयोगशाळा तर थेट पाणीपुरवठा खात्याच्याच ताब्यात. पाणी देणाऱ्याने स्वतःच्या पाण्याला गुण द्यायचे ही पद्धत मोडली पाहिजे. तपासणारे कायम नोकरीत हवेत आणि पाणी पुरवणाऱ्यांच्या हाताखाली नकोत.

माझ्या खात्याने स्वतःहून हे अहवाल जाहीर करावेत म्हणून मी थांबणार नाही आणि तुम्हीही थांबू नका. माहिती अधिकाराच्या कायद्याचं कलम ४ अशी माहिती कुणी न मागता जाहीर करायला सांगतं. ते पाळलं जात नाही, म्हणून मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. तुमच्या प्रभागातले गेल्या बारा महिन्यांतले सगळे अयोग्य नमुने, प्रत्येकाचा रस्त्यासह पत्ता, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, पाणी सुटण्याची वेळ, क्लोरीनचं प्रमाण, दुरुस्तीसाठी कुठे खणलं त्याची नोंद, आणि फेरनमुना नेमका कोणत्या नळावरून घेतला, एवढं मागा. हे सगळं आमच्या नोंदवह्यांमध्ये आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा उत्तरात नुसती शहराची टक्केवारी आली, तर अपील करा.